हलू नका

सव्वीस वर्षं एकच वाक्य दोन भाषांत म्हटलं :
पुढं सरका. मुंद होग्री.
खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि परत,
कानामागं पेन, काखेत पिशवी.
माझ्यासमोर काही थांबलंच नाही कधी.
थांबलं तर रैट म्हणायला मी होतोच.

आता घोटा प्लॅस्टरात.
सहा आठवडे, म्हणाले डॉक्टर हेरेकर,
आणि पुतण्यानं जुना कॅमेरा मांडीवर ठेवला :
काका, जे हलत नाही त्याचे फोटो काढा.

हलत नाही असं घरात काय काय आहे
ते मग पहिल्यांदाच मोजलं.
शिलाई मशीनच्या टेबलावर, मागं घोंगडं सोडून,
पितळी तांब्या.
तीन रताळी, अंगाला अजून कडोलीची माती.
आणि माझा तिकिटाचा पंच,
मशीन आल्यापासून खिळ्याला होता,
त्याची सावली भिंतीवर कायमची उमटलीय.

खिडकीतला उजेड अकरापर्यंत फुकट.
त्यानंतर साठचा बल्ब, वायर लांबवून.
पण बल्बचा उजेड म्हणजे
पहाटेच्या पहिल्या गाडीत पाचशेची नोट.
तांब्याच्या पोटावर एक पांढरा भगभगीत डाग,
बाकी सगळं अंधारात.
मला हवा होता सुट्टा उजेड,
रुपया दोन रुपयाचा,
रताळ्याच्या सुरकुत्यांत नीट वाटून देता येईल असा.

कुंद्याच्या खोक्यातला तुपकट कागद लावून बघितला.
चहाची गाळणी बघितली : ठिपके पडले, देवी आल्यासारखे.
फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल
शालननं दुसऱ्या बाजूनं धरलं.
किती वेळ धरू? तवा तापलाय.
शेवटी दिव्यापुढं एक्स-रे धरला, माझाच.
निळसर उजेड आला खरा,
पण मधल्या रताळ्यावर मोडक्या घोट्याची सावली.
शालन म्हणाली,
हे आता कोण खाणार नाही बघा.

चौथ्या रात्री वीज गेली.
दारात महादेवक्का, मोबाईलची बॅटरी लावून :
एन माडाकत्तीरी, कत्तल्याग?
अंधारात काय करालोय ते सांगण्यापेक्षा
म्हटलं, तिथंच उभ्या ऱ्हावा, हात वर करा.
डोळ्यावर येतंय म्हणून तिनंच
इरकलीचा पदर घेतला बॅटरीवर.

आणि आला की हो.
डाळिंबी, मऊ, चिल्लर.
रताळ्याच्या मुळीमुळीला पोचला,
पंचाच्या दातात शिरला,
पितळेवरून असा उतरला
जसं म्हातारं माणूस घाटात उतरतं, दांडा धरून.

साकेनु?
इन्नू स्वल्प.

लेन्समधून बघितलं तर तांब्याच्या पोटात तीन माणसं.
थर्माकोल घेतलेली शालन,
डोक्यावर दिवा धरल्यागत महादेवक्का,
आणि सगळ्यांच्या पुढं, भोपळ्याएवढा,
माझा पांढरा पाय.
दाटीवाटीनं, विनातिकीट.
चार दिवस हाच डाग घालवायला झटत होतो मी.
राहू दे म्हटलं.

दोन सेकंदांचं काम होतं.
हलू नका.
अल्लाडब्याड्री.
जन्मात पहिल्यांदा हे म्हणत होतो,
त्यामुळं आवाज फाटला असावा,
महादेवक्काला हसू फुटलं,
पदर हलला, उजेड हलला.

फोटोत पंच तेवढा स्पष्ट आहे.
बाकी सगळं गाडी सुटताना दिसतं तसं.
पुतण्या म्हणाला, काका, परत काढा.

परत म्हणून आठव्या दिवशी बसलो मांडायला
तर डावीकडच्या रताळ्याला जांभळा कोंब, पेराएवढा,
खिडकीकडं मान करून.
कुणी पुढं सरका म्हटलेलं नव्हतं.

शालन पातेलं घेऊन उभी : उद्या संकष्टी, उकडू का?
मी अजून जुळवतोच आहे,
पहिला फोटो, हे रताळं, पहिला फोटो.
इन्नू स्वल्प, म्हटलं.