ळ

शनिवारी पहाटे विट्याच्या स्टँडवर तिघं उतरले,
जोतिराम, रमिला आणि सुयोग.
जोतिरामच्या मनगटावर घड्याळ काठमांडूचंच,
आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं.
"लावून घे की इथलं," मी म्हटलं.
"दोन दिवसांसाठी कुठं," म्हणाला.
सोनं गाळणाऱ्या माणसाची बोटं,
ॲसिडनं पिवळी पडलेली.

दुपारी आमटीचा पहिला घास घेऊन
रमिला म्हणाली, "मीठो."
मी तांब्या घेऊन उठलेच, पाणी वाढवायला.
जोतिरामला हसता हसता ठसका लागला.
"खारट नव्हं गं, चवदार म्हणतीय."
दहा वर्षं फोनवर बोलतोय आम्ही.

मी सगळं ठरवून ठेवलेलं,
आधी रेवणसिद्ध, मग सागरेश्वरची हरणं.
रेणावीच्या माथ्यावर हात पसरून मुलूख दाखवला,
तर सुयोग म्हणतो, "डोंगर कुठंय?"
ज्याच्यावर बर्फ नाही
ते त्यांच्यात नुसतं टेकाड.
मला जरा रागच आला.
मग त्याला पवनचक्क्या दिसल्या.
मोजत बसला,
सदतीसला चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.
हरणांनी काही तोंड दाखवलं नाही.

येताना वाटेत बंद बंगले, गलाईवाल्यांचे.
फाटकांवर नावं मदुराई, अमृतसर, कटक.
जत्रेला चार दिवस उघडतात, मग कुलूप.
"आपला कुठला?" रमिलानं विचारलं.
जोतिरामनं हनुवटीनं दाखवला
नुसता पाया,
आत पुरुषभर बाभूळ.
कुणी काही बोललं नाही
आळसंदच्या फाट्यापर्यंत.

रविवारी सांगली.
"आज शाळा असते आमची," सुयोग खुशीत,
खिडकीतून एकेक पाटी वाचत चाललेला.
अक्षरं तीच ना,
हेल तेवढा वेगळा, चढण चढल्यासारखा.
तासगाव, बेदाणा, पंक्चर काढून मिळेल.
कवठेमहांकाळच्या पाटीला अडकला.
"यो के हो?"
त्यांच्या मुळाक्षरांत ळ नाही.
मी त्याच्या तळहातावर बोटानं काढला,
म्हटलं, जीभ मागं वळव, टाळूला टेकव, सोड.
ल. ल. ड. ल.
"अरे, आत्याच्या नावातला तो," जोतिराम म्हणाला.
तेव्हा उमगलं,
बाळू कधी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.
फोनवर तो म्हणायचा ते भालूफुपू,
अस्वल आत्या.
"मला वाटायचं तू खूप मोठी असशील," म्हणाला,
"आणि केसाल."

गणपतीपुढं हात जोडले, भडंग घेतलं.
वीसची पुडी म्हणजे बत्तीस, त्यानं हिशोब केला,
प्रत्येक गोष्टीचा करत होता.
आयर्विनच्या पुलावर कठड्याला रेलून
कृष्णेत एक काठी वाहत गेलेली बघितली
आणि म्हणाला, गुरूंनी निबंध दिलाय,
छिमेकी देशाची सहल.
छिमेकी म्हणजे?
"शेजारी," जोतिराम म्हणाला.
मी वळून बघितलं, कुठंय तो देश.
खाली एक म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात,
घाटावर वाळत घातलेल्या चादरी,
पुलावर मी,
एका चपलेचा अंगठा पिनेनं जोडलेला,
हातात तेलकट कागद.
पदर सारखा केला उगीच.

संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसले.
रमिलानं खिडकीतून माझी बोटं धरली,
तिच्या मराठीत म्हणाली, आता तू ये.
येते की, म्हटलं.
आमच्यातलं कुणी तिथवर गेलंय कधी,
जोतिराम सोडून?

बुधवारी फोटो आला, वहीच्या पानाचा.
सगळं नेपाळी, निम्मंच लागलं मला.
तिसऱ्या ओळीत बाळूफुपू,
ळ आडवा पडलेला,
दोन्ही गाठी वेगवेगळ्या मापाच्या,
वर गुरूंची लाल रेघ, चूक म्हणून.
मोठं करकरून बघितलं.
शेवटी लिहिलेलं, हरिण देखिएन.
एवढं मात्र
सगळं कळलं.