दोन मिलिमीटर

चाळीस वर्षं मी दारं केली.
एसिखात कुणालाही विचारा,
अर्धं गाव माझ्या बिजागऱ्यांवर उघडतं नि मिटतं.
दाराला अंग लागतं. तीन बोटं जाड,
उन्हानं पिळवटू नये, चोरानं रेटू नये,
भांडून निघालेल्या माणसानं धाडकन आपटलं
तरी चौकटीनं शब्द काढू नये.

दफनभूमीमागचा रस्ता रुंद करताना
नगरपालिकेनं एक सायप्रस पाडला.
त्याचा ओंडका मी दोन कोंबड्या देऊन आणला,
फळ्या पाडल्या, नऊ वर्षं माळ्यावर ठेवल्या.
मेलेल्यांच्या उशाचं झाड घरात कशाला,
फुएन्सान्ता विचारायची.
वाळू दे, मी म्हणायचो.
कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते दुकान मुलाच्या हाती दिल्यावर,
आठव्या दिवशी, नखं कापता कापता.

सरस शिजवायला तिचं दुधाचं पातेलं घेतलं.
त्यानंतरच्या आठवड्याबद्दल न बोललेलं बरं.

कडेच्या पट्ट्या भिजवून तापल्या नळीवर वाकवायच्या.
पहिली मोडली.
दुसरी अशी मोडली की शेजारचं कुत्रं भुंकलं.
तिसरीला मी जोर लावलाच नाही,
रुसल्या पोराच्या पाठीवर ठेवतात
तसा नुसता हात ठेवून उभा राहिलो,
आणि ती आपसूक वळली,
कमरेशी आत, मग पुन्हा बाहेर.
दुकानभर वास सुटला,
थडग्यांच्या ओळीत बसून कुणी लिंबू चिरावं तसा.

जुलैत पेटी मिटली.
निकासियो पालोमेकेला बोलावलं.
तो दिवसा ट्रॅक्टरची टायरं जोडतो, रात्री वाजवतो,
त्याचा अंगठा माझ्या मनगटाएवढा.
त्यानं पेटी कानाशी धरली,
बोटाच्या पेरानं दोनदा ठोठावलं,
थांबला,
आणि फार अदबीनं विचारलं,
"आत कुणी आहे का?"

मग म्हणाला, दार उत्तम झालंय, लिसार्दो.
वाइन पिऊन गेला.

त्या रात्री गरम सुरीनं मी पाठ उकलली.
वर स्प्रूस, खाली सायप्रस, दोन्ही साडेतीन मिलिमीटर.
हातानं चोरून ठेवले होते ते
मला न विचारता, जुन्या सवयीनं,
कुणी आपटलं तर असू द्यावेत म्हणून.
काचेच्या तुकड्यानं खरवडत बसलो.
तीन. अडीच.
ढलप्या कांद्याच्या सालीसारख्या पायाशी.
अडीचच्या खाली पोटात गोळा आला,
आता हात चुकला तर बाजू मांडायला लाकूडच नाही.
दोन.
दिव्यासमोर धरलं तर स्प्रूस नारिंगी झाला,
पलीकडे माझीच बोटं दिसली,
काठीवर सुकत घातलेल्या मिरच्यांसारखी.

सप्टेंबरात घोडी चिकटवली, तारा चढवल्या.
निकासियो हात धुऊन आला, तरी रबराचा वास होताच.
यावेळी ठोठावलं नाही.
एकदम बुलेरिया, अंगठा, मग चारही नखं,
बोटांची थाप पातळ पट्टीवर,
आणि तिसरी तार सातव्या पडद्यावर
करकरली.
मी कानस उचलली.
"ठेव खाली," तो म्हणाला.
"ही जवारी तुझी नाही, तिची आहे.
गुळगुळीत हवं असेल तर दारं कर."

मी कानस खाली ठेवली. पूर्ण पटलं म्हणून नाही.
पण तो वाजवत राहिला, आणि माझ्या पाठीमागे
दुकानाचं दार,
गिऱ्हाइकांच्या घाईत कधीच नीट न बसवलेलं,
चौकटीत बारीक थरथरू लागलं.

फुएन्सान्तानं आतून विचारलं,
"कोण आलंय?"