कांडी

यादी आधी पेन्सिलीनं लिहिली,
उद्यमबागेत, डब्याच्या सुट्टीत,
एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर.
लाकूड. मान. पडदे एकवीस. खुंट्या सहा. घोडी.
आणि शेवटी, दोनदा अधोरेखित : पिकअप.

लाकडासाठी खानापूरला गेलो.
रुझारनं सागवानाच्या फळीवर थाप मारली,
'हे घे. नातवालाबी पुरंल.'
गळ्यात धरून पाहिली,
दाराची चौकट अडकवल्यासारखं वाटलं.
मग कोपऱ्यातला फणस दिसला,
हळदीसारखा पिवळा, कडेला किडीची दोन भोकं.
पेरानं ठोकलं.
सागवान 'ठक्' म्हणालं होतं.
फणस जरा थांबून म्हणाला, 'हं.'
रुझारनं भोकांचे पैसे कमी केले नाहीत.

मान शिसवाची, मोडक्या पलंगाची लांब पट्टी,
खडेबाजारात उभ्या-उभ्या ठरलेली.
घोडी पितळेची,
आमच्याच फाउंड्रीत उरलेल्या ओतकामातून.
फोरमननं उलटीपालटी करून विचारलं,
'कुठल्या पंपाचा पार्ट रे हा?'
म्हटलं, 'साहेब, एक्स्पोर्टचा.'
खुंट्या कुरिअरनं आल्या, सहाच्या सहा एकाच बाजूच्या.
डोकं मग त्यांच्या सोयीनं कापलं.

पिकअप विकत मिळतो.
दीड हजारात बरा, पाच हजारात चांगला.
मी दोन्ही आकडे पाहिले
आणि मल्लेशीकडे गेलो,
जो जळालेल्या मोटारी परत बांधतो.
'केसापेक्षा बारीक तार, आठ हजार वेढे.'
'काय करायलास गा?
विहिरीची मोटार, का डासाची?'
त्याच्या मशीनवर तार तुटली
दोनशेवर. मग नऊशेवर. मग चाळिसावर.
'ह्याला मशीन नको,' तो म्हणाला, 'हात पाहिजे,'
आणि रीळ माझ्या खिशात कोंबलं.
वर एका भंगार स्कूटरचं चुंबक, फुकट.

वडगावात आमच्या घरी
माग विकून अकरा वर्षं झाली.
मागाच्या जागी फ्रीज आहे.
कांड्या भरायचा चरखा तेवढा माळ्यावर,
कारण भंगारवाल्यानं वीस रुपये सांगितले
आणि आईनं त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

तिनं तार चिमटीत धरली, ओढून पाहिली.
'रेशीम न्हवं. पण तसंच रुसतंय.'
मग माझ्या हातातला तुकडा बघून,
'आणि ही कसली कांडी, बसकी?'

शंभर वेढ्यांना एक चिंचोका.
मोजायची ती, सरकवायचा मी.
माहेर गोकाकच्या अलीकडचं;
आमच्याशी मराठीत भांडते,
मोजते मात्र कन्नडातच.
ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु,
नूरु म्हटलं की चिंचोका.
मध्येच लाइट गेली.
तिची बोटं थांबली नाहीत,
अंधारात नुसता चरखा कुरकुरत राहिला,
आणि लाइट आली तेव्हा
मी म्हणत होतो एक्केचाळीस, ती बेचाळीस.
भांडलो. चहा झाला.
बेचाळीस धरले.

दोन रात्री. तार एकदाही तुटली नाही.

दोन कांड्या उलटसुलट जोडल्या
की घरघर मरते, हे मला ठाऊक होतं.
दुसरी कांडी मागायचं धाडस झालं नाही.

रविवारी अँप्लिफायर लावला.
तारेला बोटही लागलं नव्हतं,
तोच खोलीभर ती घरघर.
आई भाकरी थापत आतूनच म्हणाली,
'पट्टा ढिला हाय बघ कुठंतरी.'
मागचं झाकण उघडलं.
अर्थिंगची वायर सुटली होती.
डाग दिला. घरघर निम्म्यावर आली.
उरलेली राहू दिली.

झाकण लावायच्या आधी
वादातला तो चिंचोका आत टाकला.
जोरात छेडलं की खुळखुळतो.
कोणी विचारलं तर सांगतो,
स्क्रू सैल असेल.