वास येणारं सगळं

वास येणारं सगळं लोखंडी पेटीत ठेवायचं,
हे वाक्य मी उन्हाळाभर रोज चाळीस वेळा म्हणते.
आधी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली,
तेच ते बोलायची जिभेला सवय आहे.

सप्टेंबर सरत आला. कॅस्केडच्या कड्यांवर
लार्च पिवळे पडलेत,
नळ परवा बंद होतील,
बेचाळीस जागांपैकी सहाच भरल्यात.
चौदा नंबरवर ऐनार आणि त्याची सोल्वी,
वय नऊ, पुढचे दोन दात
वाढत्या अंगाचे शिवल्यासारखे मोठे.
बाप तंबूला बोटीच्या गाठी मारतो,
एरवी कुणाला न सुटणाऱ्या.

टूथपेस्ट? पेटीत.
साबण? पेटीत.
ओठांना लावायचं, स्ट्रॉबेरीचं?
ते सगळ्यात आधी.
पेन्सिल?
मी हुंगून पाहिली. पेन्सिल राहू दे.
बाबांचे मोजे?
त्यांना अस्वलच घाबरेल.

ती हसली नाही. यादी करत होती.

आणि हे?

तंबाखूची चामडी पिशवी,
कडांना झिजून मऊ, चेन तुटलेली.
आजोबांची, म्हणाली. ते बोटी दुरुस्त करायचे.
ऐनार खुंटी ठोकत होता.
हात थांबला नाही त्याचा,
खुंटी मात्र केव्हाच आत गेली होती.
काही नाही त्यात, तो म्हणाला.
दीड वर्ष झालं, काही नाही.

मी पिशवी नाकाशी धरली.
आधी चामडं.
मग ओली लोकर, मग डांबर,
आणि खूप मागे, हाक मारल्यावर
खोलीतून सावकाश उठून यावं कुणी तसं
काहीतरी गोडसर.

पार्काच्या नियमांत पाचव्या पानावर लिहिलंय:
मासे, कुत्र्याचं खाणं, रिकामे डबेसुद्धा.
रिकामे डबेसुद्धा, हे शब्द आहेत तिथे.
कुणी लिहिले असतील, देव जाणे.

येतो वास, मी म्हटलं. पेटीत.

सोल्वीने ती ओट्स आणि साखरेच्या मधे
नीट उभी ठेवली,
आणि दोन्ही हातांनी कडी लावली.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
कडीचा आवाज.
झोपेतही मला तो कळतो,
जसा आईला बाळाचा खोकला.
झग्यावर कोट घालून निघाले, हातात टॉर्च,
जिभेवर वाक्य तयार:
पेटी रात्री उघडायची नाही.

चौदाचं झाकण उघडं.
ऐनार गुडघ्यांवर, कपाळावरचा दिवा विझवलेला,
तोंड पिशवीत.
रडत नव्हता तो.
श्वास घेत होता, नुसता,
थंड पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा,
आणि उडी मारतच नव्हता.

मी टॉर्चवर अंगठा ठेवला.
अंगठा लाल झाला, बाकी अंधार.
रेल्वेच्या फाटकापाशी बस थांबवून
दार उघडून दोन्हीकडे ऐकायचं असतं,
गाडी येत नसली तरी.
तेवढा वेळ उभी राहिले.
मग जरा लांबून खोकले.
कडी लागली.

सकाळी बादलीवर बर्फाची साय.
सोल्वी धावत आली, बुटांच्या नाड्या लोंबताहेत:
आलं होतं अस्वल?

पेटीभोवतीच्या धुळीत
मोज्यांतल्या पावलांचे ठसे होते,
मोठे, जाताना आल्यापेक्षा जवळजवळ पडलेले.

एक आलं होतं, मी म्हटलं. चांगलं थोराड.
काही नेलं नाही.

तिने बापाकडे पाहिलं.
तो स्टोव्ह पेटवत होता, पाठमोरा,
आणि काडी काही केल्या लागत नव्हती.