खारीक

सोहारला, टायरच्या दुकानामागे सापडली ती.
अंग वाळूच्या रंगाचं, कान तेवढे खारकेसारखे,
म्हणून खारीक.
पाच महिन्यांची असेल, डॉक्टर म्हणाला,
आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत
ती माझ्या ओढणीत शिरून थरथरत होती.

घरात मात्र राणी.
चपला कुरतडणार, कणकेच्या गोळ्यावर हक्क सांगणार.
पण बेल वाजली
की पलंगाखालचा अंधार तेवढा तिचा.
गॅसवाला, हेल्मेट न काढता येणारा पार्सलवाला,
वरच्या मजल्यावरची फुगा घेतलेली मुलगी,
सगळे सारखेच.

मंडळातल्यांनी तर फार प्रेम केलं.
आखवेवहिनी वाकून, दोन्ही हात पसरून,
"अगं बाई, कित्ती गोड" करत डोक्याकडे निघाल्या,
आणि खारीक जागच्या जागी मुतली.
वहिनींना वाईट वाटलं. मी फरशी तीनदा पुसली.
"लाडावलीये," आखवे म्हणाले.
"दोन दिवस मासळीबाजारात फिरवा, सरळ होईल."

मी फिजिओथेरपिस्ट. आखडलेल्या खांद्यांवर माझं पोट चालतं.
खांदा ओढून सुटत नाही, हे मला ठाऊक.
आधी तळहात चोळून ऊब आणायची,
मग विचारायचं, लावू का हात?
नाही म्हणाला तर खुर्ची मागे सरकवून बसायचं.
कुत्रीला हे कसं विचारतात, तेवढं शिकायचं राहिलं होतं.

तर पहाटे साडेचारला,
डांबर पंजे भाजत नाही तेवढ्या वेळात,
आम्ही किनाऱ्यावर. खिशात उकडलेली कोंबडी.
लांब माणूस दिसला की थांबायचं.
तिचे कान मागे गेले, आपण दोन पावलं मागे.
कान पुढे आले, एक तुकडा.
बस्स. घरी.
पहिले पंधरा दिवस आम्ही
माणसांपासून पळून येण्यातच तरबेज झालो.

तिथं सईद बिन खल्फान बसायचा,
जाळ्याचे फुटके डोळे शिवत.
"मी कुत्र्याला शिवत नाही, बेटी," तो तोडक्या हिंदीत म्हणाला,
"नमाजाचे कपडे आहेत. राग मानू नकोस."
म्हटलं, राग कसला, चाचा,
तुम्ही तिच्याकडे बघूसुद्धा नका.
हसला. म्हणे, एवढं तर मला फुकटात जमेल.

आणि खरंच बघितलं नाही त्यानं.
चुचकारलं नाही, बोट पुढे केलं नाही.
सुई आत, सुई बाहेर.
तीस हातांवरून आम्ही वीसवर आलो, वीसवरून बारावर.
एकदा कुणाची तरी बोट फटफटली, आणि परत तीस.
त्या दिवशी मी चिडले. पट्टा हिसकला.
ती माझ्याकडे बघत राहिली,
हेल्मेटवाल्याकडे बघते तशी.
ते अजून जात नाही डोळ्यांपुढून.

दसऱ्याच्या सुमाराला हवा उतरली.
एका सकाळी पोट वाळूला घासत
ती सरकत गेली, आणि तिनं चाचाच्या वहाणेचा वास घेतला.
शिंकली.
म्हाताऱ्यानं पाय हलवला नाही. मानही नाही.
सुई तेवढी हवेत थांबली.
मग त्याच्या सावलीत, हातभर अंतर राखून,
ती बसली. त्याच्याकडे पाठ करून.
माझ्या खिशातली कोंबडी तशीच राहिली.

परवा बेल वाजली. पाण्याचा मोठा जार आला होता.
खारीक पलंगाखाली गेली, नेहमीसारखी,
पण नाक बाहेर ठेवून.
नवा पोरगा होता, केरळचा. त्याला म्हटलं,
बघू नकोस हं तिच्याकडे, घाबरते.
"मॅडम," तो दाराबाहेरच जार धरून म्हणाला,
"मी पण."
मग आम्ही तिघं थोडा वेळ तसेच,
उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे,
कुणीच कुणाकडे न बघता.