मिनिटांचा रकाना

बाबांनी एक्सेल शीट केलीये माझ्या बारावीची.
सीईटीच्या तारखा, गेल्या वर्षीचे कट-ऑफ,
नॉन-क्रिमीलेअर कुठे अडकलंय ते लाल रंगात,
आणि प्रत्येक कॉलेजपुढे एक रकाना:
आंबेगावहून किती मिनिटं.

अठरा ओळी. सगळ्या इंजिनिअरिंगच्या.
तहसीलच्या रांगेत दोन रजा गेल्या त्यांच्या,
म्हणून मी काही बोलत नाही.

काल रात्री ते झोपल्यावर
एकोणिसावी ओळ टाइप केली:
फर्ग्युसन, भूशास्त्र.
मिनिटांची चौकट कोरीच ठेवली.

सकाळी डबा भरताना कुणी काही म्हणालं नाही.
क्लासवरून आल्यावर शीट उघडली.
चौकट भरलेली होती.
पंचेचाळीस. स्वारगेटला बस बदलून.
खाली बारीक टायपात:
गणपतीत सव्वा तास धर.