दिवे लावणे : मसुदा सातवा

विल्यांडीत दुपारी साडेतीनलाच काळोख.
तळं गोठलेलं. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत
केर्तु टूलांची माहिती लिहिते आहे,
एका टूलला दोन-तीन वाक्यं, सोपी,
कारण वाचणारा माणूस नाही.

"चॅनल द्या, पातळी द्या. पातळी शून्य ते शंभर.
पातळी दिली नाही तर"
इथे ती अडते. नाही दिली तर काय?
कोडमध्ये आहे : शंभर.
लेम्बित म्हणतो, हा काय आचरटपणा,
न विचारता तोंडावर कुणी टॉर्च मारतं का?
ती लिहिते : शून्य.
मग तेही खोडते.
लिहिते : आधी होती तीच राहील.
कोडवाल्यांना निरोप धाडते.

लेम्बित एकतीस वर्षं कन्सोलवर.
थर्मासात काळा चहा, त्यात चमचाभर मुरांबा.
मसुदा त्याला वाचून दाखवावा लागतो,
चष्मा तो घरी विसरतो, बहुधा मुद्दाम.
"पुढचा क्यू द्या" हे टूल ऐकून विचारतो :
कधी?
वेळ आली की.
कुणाला कळणार, आली ते?
एजंटला.
तो चहावर फुंकर घालत राहतो.

मग मायमूचं सांगतो.
तिसरा अंक, क्यू सत्तेचाळीस.
"झोपते आता" म्हणाली की खिडकी विझवायची.
त्या रात्री मायमूला वाक्यच आठवेना.
प्रॉम्प्टर विंगेत ओठ हलवतेय,
मायमू तिकडे बघत नाही.
दिग्दर्शक कानात ओरडतोय, दे, अरे दे ना.
लेम्बितचा अंगठा बटणावर.
दिला नाही.
मायमूने चादर सारखी केली, उशी थोपटली,
एक शब्द न बोलता
भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.
तेव्हा दिला.

याला केर्तुकडे रकाना नाही.
उशी थोपटणं हा कुठल्या प्रकारचा पॅरामीटर?
संख्या? मजकूर? हो-नाही?
तीन वाक्यं लिहिते, तिन्ही पुसते.
शेवटी, संपूर्ण काळोख करणाऱ्या टूलखाली
एवढंच उरतं :
"आधी विचारा, वर कुणी आहे का.
उत्तर येईपर्यंत थांबा."
थांबण्याचं टूल नाही.
ते नुसतं वाक्य आहे.

गुरुवारी चाचणी. खुर्च्या रिकाम्या.
एजंटने पहाट लावली, बरी लावली,
जरा जास्तच गुलाबी, वाढदिवसाच्या केकसारखी.
यादीत पुढे काळोख होता.
पडद्यावर ओळ उमटली :
वर कुणी आहे का?

ध्वनीवाला काल्यू बाहेर सिगरेट ओढत होता.
केर्तु कॉफी आणायला गेलेली.
वर लेम्बित,
शिडीच्या चौदाव्या पायरीवर,
निळा जेल दातांत, दोन्ही हात दिव्याच्या चौकटीत.
खालची ओळ त्याला दिसली असती तरी
वाचता आली नसती.
चार मिनिटं.
पहाट हलली नाही.

तो उतरला, हात विजारीला पुसले,
पडद्याला नाक लावून अक्षरं जुळवली
आणि एका बोटाने टाईप केलं : होतो.
लगेच खाली आलं : आता?

केर्तु परतली तर सगळं अजून उजेडातच.
काय दिवे लावले याने, तिने विचारलं.
"फार थांबतो," लेम्बित म्हणाला.
"मायमूसुद्धा कंटाळली असती."
थर्मास उघडला. रिकामा होता.
"ती ओळ काढू नकोस मात्र.
आणि अक्षरं मोठी कर."

"आता?"ला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.
काल्यूने सामानाचं दार उघडंच टाकलेलं,
बाहेर संध्याकाळी चार वाजता
बर्फाचा एक पट्टा
गुलाबी.